पिकअप : इंजिन अडखळणे व बंद पडणे
छत्रपती संभाजीनगरच्या जाधववाडी बाजारात माल आणणारी जुनी कॉमन रेल डिझेल पिकअप आयडलिंगला नीट चालते. कन्नडच्या औट्रम घाटात भरल्या मालानिशी मात्र गचके देते. संशय आधी डिझेलच्या पुरवठ्यावर घ्यावा, कारण ताण वाढला की डिझेल जास्त लागते आणि तुंबलेला फिल्टर तेवढे सोडत नाही. स्कॅनर ‘रेल प्रेशर कमी’ दाखवतो, मग सेन्सरच का बदलू नये? तो कोड परिणाम सांगतो, कारण नव्हे. फिल्टरच्या तळाचे पाणी काढावे, पंपाआधी पारदर्शक नळी जोडावी. बुडबुडे दिसले तर हवा टाकीच्या बाजूने शिरते आहे. त्यानंतरच इंजेक्टरची परतगळती मोजावी. गरम झाल्यावरच बंद पडणारी, निवली की सुरू होणारी गाडी वेगळी. तिथे क्रँक सेन्सर आधी तपासणे रास्त.