तळटीप : ‘डायटमची नवी जात’

* डायटम म्हणजे सिलिकाचे कवच असलेले एकपेशीय शैवाल. औंढा नागनाथ तालुक्यातल्या सिद्धेश्वर धरणात काठाच्या बुडालेल्या दगडावरून बोट फिरवावे. हाताला लागणाऱ्या तपकिरी, बुळबुळीत थरात ते सापडतात. कवच डबा आणि झाकण यांसारखे दोन भागांचे असते. जात ठरते ती मुख्यतः त्यावरच्या नक्षीवरून. म्हणून आधी नमुना आम्लात उकळून सेंद्रिय द्रव्य काढून टाकतात, मग दहा मायक्रोमीटरमध्ये किती रेषा बसतात ते मोजतात. हेमेंद्रकुमार पृथ्वीराज गांधी यांनी १९५०च्या दशकात कोल्हापूर परिसरातले डायटम प्रकाश-सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यासून त्यांची चित्रे प्रसिद्ध केली. त्या चित्रांशी ताडून पाहिल्याशिवाय महाराष्ट्रातला कोणताही डायटम नवा म्हणू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. नाव ग्राह्य होण्यासाठी वर्णन, चित्र आणि जपून ठेवलेला प्रमाणनमुना लागतो. १९५८पासून शैवालांचे वर्णन लॅटिनमध्येच द्यावे लागे. २०१२पासून इंग्रजीही चालते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डायटमवर संशोधन होते. नमुना गोळा करणाऱ्या वाचकाने बाटलीवरच्या चिठ्ठीत ठिकाण, तारीख आणि नमुना दगडावरचा की चिखलातला, एवढे पेन्सिलीने जरूर लिहावे.