विमान उडण्यापूर्वी : उलव्याची टेकडी, नदी आणि दहा गावे

१/ विमानप्रवासाच्या प्रदूषणाचा हिशेब बहुधा आकाशात मांडला जातो. जगाच्या कार्बन उत्सर्जनात हवाई वाहतुकीचा वाटा सुमारे अडीच टक्के आहे. नवी मुंबईत मात्र पहिले विमान उडण्याआधीच एक टेकडी, एक नदी आणि दहा गावे यांनी किंमत मोजली होती. त्या किमतीचा हा इतिहास.

२/ १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले. जुहूचे ते मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई. पुढे विमानतळ सांताक्रूझला गेला. पण पाण्याशी असलेले वैर संपले नाही.

३/ सांताक्रूझचा विमानतळ विस्तारला तशी मिठी नदी आक्रसली आणि धावपट्टीपाशी तिला काटकोनात वळावे लागले. २६ जुलै २००५ रोजी तेथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. नदीने आपली जागा परत मागितली आणि विमानतळच बंद पडला.

४/ या महापुरानंतर दोनच वर्षांनी, २००७ मध्ये, पनवेलजवळच्या दुसऱ्या विमानतळाला केंद्राची तत्त्वतः मंजुरी मिळाली. जागा सुमारे १,१६० हेक्टर : खाडी, खारफुटी, भातखाचरे आणि गाढी व उलवे या दोन नद्यांचा परिसर.

५/ अडचण कायद्याची होती. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने खारफुटी आणि भरती-ओहोटीच्या पट्ट्याला संरक्षण दिले होते. मे २००९ मध्ये तिच्यात दुरुस्ती करून नवी मुंबईच्या विमानतळाची वाट मोकळी करण्यात आली.

६/ तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि सिडको यांच्यात प्रदीर्घ घासाघीस झाली. २२ नोव्हेंबर २०१० रोजी परवानगी मिळाली ती तडजोडीची : गाढीचा प्रवाह वळवायचा नाही, उलव्याचा वळवायचा, तोडलेल्या खारफुटीच्या बदल्यात अन्यत्र खारफुटी राखायची.

७/ उलव्याची सुमारे ९० मीटर उंचीची टेकडी विमानांच्या वाटेत येत होती. सुरुंग लावून ती फोडण्यात आली आणि तिच्याच दगडामातीने सखल जमिनीची भर घातली. जे उंच होते ते खाली आले, जे खोल होते ते वर. पाण्याने मात्र कोठे जावे?

८/ चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर, कोंबडभुजे, वाघिवली... अशी दहा गावे उठली. मोबदल्यात २२.५ टक्के विकसित भूखंड ठरले. १९८४ च्या आंदोलनात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली पाच जणांनी प्राण दिले, त्या लढ्याची ही पुढची पायरी होती. घराच्या बदल्यात घर मिळते. ज्या खाडीत पिढ्यान्‌पिढ्या जाळे टाकले, तिच्या बदल्यात दुसरी खाडी मिळत नाही.

९/ हे आकाश पक्ष्यांचेही आहे. ठाणे खाडीचे रोहित अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झाले; २०२२ मध्ये ते रामसर स्थळ ठरले. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरच्या आकाशात, मुंबईत उतरणाऱ्या विमानाची धडक बसून ३९ रोहित पक्षी मेले. तेव्हा एकच विमानतळ चालू होता.

१०/ आता धुराचा हिशेब. १९९७ च्या क्योटो करारात आंतरराष्ट्रीय उड्डाणांचे उत्सर्जन कोणत्याही देशाच्या लक्ष्यात धरले गेले नाही. तो विषय आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेकडे सोपवला गेला. जमिनीवरची खारफुटी हेक्टरांत मोजली गेली. परदेशी निघालेल्या विमानाचा धूर कोणत्याच देशाच्या वहीत चढला नाही.

११/ ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले, २५ डिसेंबरला उड्डाणे सुरू झाली. पूर्ण क्षमता वर्षाला ९ कोटी प्रवाशांची अपेक्षित आहे. मुंबईला दुसऱ्या विमानतळाची गरज होती, हे नाकारता येत नाही. पण मिठीने २००५ मध्ये शिकवलेला धडा उलव्याच्या काठी कितपत आठवला गेला, याचे उत्तर एखाद्या जुलैमध्ये पाऊसच देईल.