गिरण्यांची वीज आणि मुळशीचा प्रश्न

वारा आणि ऊन यांपासून मिळणाऱ्या विजेला आपण अनेक वर्षे 'अपारंपरिक' म्हणत आलो. पण विजेची आपली परंपरा कोणती, हे पाहायला गेले तर थोडी गंमत आहे.

एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या कापडगिरण्या वाफेवर चालत. कोळसा बंगालमधून किंवा परदेशातून आणावा लागे. तो महाग पडे, शिवाय शहरावर धूर साचे. मुंबईजवळ खाण नव्हती, पण घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस होता. तो अडवून त्याची वीज करावी, हे जमशेटजी टाटांचे स्वप्न. १९०४ मध्ये ते वारले. पुढे १९१० मध्ये कंपनी उभी राहिली. लोणावळा, वळवण आणि शिरवटा येथील तलावांचे पाणी सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीला आणले गेले आणि १९१५ मध्ये तेथील वीज मुंबईच्या गिरण्यांकडे निघाली. म्हणजे गिरण्यांना मोठ्या प्रमाणावर मिळालेली पहिली वीज पावसाची होती. खोपोलीपाठोपाठ १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा येथील केंद्रे सुरू झाली.

भिऱ्याला पाणी मिळाले ते मुळशीच्या धरणाचे. त्यासाठी मावळातली भाताची खाचरे आणि गावे बुडणार होती. सरकारने कायद्याच्या बळावर जमीन घेऊन कंपनीला दिली. १९२१ मध्ये शेतकऱ्यांनी सत्याग्रह पुकारला. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा. पांडुरंग महादेव बापट यांचे 'सेनापती' हे नाव याच लढ्यातले. १९२४ पर्यंत लढा चालला. अखेर धरण झाले, जमीन गेली. वीज स्वच्छ होती, पण तिची किंमत मुंबईने मोजली नव्हती, मावळ्यांनी मोजली होती.

स्वातंत्र्यानंतर कोयनेने राज्याला बळ दिले. पण विजेची मागणी पाण्याला पेलवेना. मग कोराडी, चंद्रपूरची औष्णिक केंद्रे उभी राहिली आणि कोळसा हीच 'परंपरा' वाटू लागली.

आता चक्र पुन्हा फिरते आहे. कोयना जलाशयाच्या वर, पाटण तालुक्यातील वनकुसवडे पठारावर पवनचक्क्या फिरू लागल्याला दोन तपांहून अधिक काळ लोटला. २०१३ मध्ये धुळे जिल्ह्यात साक्रीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प सुरू झाला. २०२५ मध्ये देशातील वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेत कोळसा, वायू व तेल सोडून इतर साधनांचा वाटा निम्म्यावर पोहोचला. मात्र क्षमता वेगळी आणि प्रत्यक्ष निर्मिती वेगळी. रात्री ऊन नसते आणि वारा काही आपल्या सोयीने वाहत नाही. त्यामुळे आजही सर्वाधिक वीज कोळशाचीच. यावर एक उपाय सह्याद्रीतच आहे. घाटघरला वीज शिल्लक असेल तेव्हा पाणी वर चढवतात आणि गरज पडली की तेच खाली सोडून वीज करतात.

राहतो तो मुळशीचा प्रश्न. पवनचक्कीलाही जागा लागते, सौर पट्ट्यांना तर एकरच्या एकर. २०१७ मध्ये राज्याने सुरू केलेल्या सौर कृषी वाहिनी योजनेत सरकारी पडीक जागेबरोबर शेतकऱ्याची जमीनही भाड्याने घेण्याची सोय आहे. त्याला वर्षाला भाडे मिळते, सातबारा त्याच्याच नावावर राहतो. मुळशीकरांना असा पर्याय कोणी दिला नव्हता. नव्या विजेचा हिशेब मांडताना मेगावॉटशेजारी हा रकानाही भरला जावा.