खर्चाच्या तक्त्यात नसलेले मूल

मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने १९२१-२२ मध्ये शहरातील कामगारांचे घरगुती जमाखर्च गोळा केले. २,४७३ कुटुंबे आणि ६०३ एकटे पुरुष अशी ही पाहणी होती. फिंडले शिरास यांचा त्यावरील अहवाल १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. तो मी प्रथम वाचला तेव्हा गरिबीचा पुरावा शोधत होते, आणि तो पानोपानी सापडला. दुसऱ्या वाचनात मात्र वेगळाच प्रश्न पडला : या घरांत तान्ही मुले होती, त्यांना सांभाळण्याचा खर्च कोणत्या रकान्यात धरला आहे?

आधी रकाने पाहू. कुटुंबाची सरासरी मासिक मिळकत ५२ रुपयांच्या आसपास. खर्चाच्या शंभर भागांपैकी ५६.८ अन्नावर, ७.४ सरपण-दिवाबत्तीवर, ९.६ कपड्यांवर, ७.७ घरभाड्यावर आणि उरलेले १८.५ ‘किरकोळ’. हा ‘किरकोळ’ शब्द फसवा आहे. कर्जाचे व्याज त्यातच दडलेले असते. ४७ टक्के कुटुंबे कर्जबाजारी होती आणि कर्ज सरासरी अडीच महिन्यांच्या मिळकतीइतके, म्हणजे सुमारे १३० रुपये होते. प्रचलित दर रुपयामागे महिना एक आणा, म्हणजे सालीना ७५ टक्के. सगळी उसनवारी याच दराची नसेल. पण तसे धरले तर महिन्याचे व्याज ८ रुपये २ आणे होते. खोलीचे भाडे चार रुपयांच्या आतबाहेर. म्हणजे कर्जात असलेले घर घरमालकाला देई त्याच्या दुप्पट सावकाराला देत होते.

हे कर्ज केवळ लग्नकार्याच्या हौसेतून झाले, असे म्हणून भागत नाही. गिरणीचा पगार महिना भरल्यावर लगेच हाती येत नसे. पुढच्या महिन्याचा पंधरवडा उलटण्याच्या सुमारास येई. नव्याने कामाला लागलेल्या माणसाला पहिला पैसा दिसेपर्यंत सहा आठवडे वाण्याच्या उधारीवर काढावे लागत. शिवाय कोकणात, घाटावर मनीऑर्डर जायची ती वेगळीच. घर चालवणारी बाई संसाराला सुरुवात करायची तीच मुळी उधारीपासून. पगार वेळेत देण्याचे बंधन कायद्याने आले ते १९३६ मध्ये.

अशा घरात बाईची मजुरी ही वरकड कमाई नव्हती. गिरणी कामगारांत त्या काळी सुमारे एक पंचमांश स्त्रिया होत्या. त्यांतील पुष्कळ जणी वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत, कामावर दाम या हिशेबाने राबत. घरी राहिलेल्या दिवसाचे पैसे नाहीत. मग मूल कुठे ठेवायचे? डॉ. फ्लोरेन्स बार्न्स यांनी स्त्री-कामगारांच्या बाळंतपणाची पाहणी केली, तिचे निष्कर्ष १९२२ मध्ये प्रसिद्ध झाले. कामकरी स्त्रियांच्या ९८ टक्के तान्ह्या मुलांना अफू दिली जाते, असे त्यांना आढळले. हा आकडा वाचून अनेकांनी आयांच्या अडाणीपणाला बोल लावला. मला तो जमाखर्चाचा आकडा वाटतो. अफूची गोळी हे त्या घराला परवडणारे पाळणाघर होते. त्याची किंमत मूल भरत होते, आणि ती आण्यांत मांडता येत नसल्यामुळे तक्त्यात आली नाही.

येथे एक सावधगिरी हवी. १९२१ साली मुंबईतील बालमृत्यूंचे प्रमाण नोंदलेल्या हजार जन्मांमागे सहाशेच्या वर दिसते. पण अनेक जणी बाळंतपणाला गावी जात. जन्माची नोंद तिकडे, मृत्यूची इकडे; त्यामुळे प्रमाण फुगते. सूट द्यावी तेवढी दिली, तरी जे उरते ते भयंकरच आहे.

ही किंमत कोणी भरायची, हा प्रश्न पुढे कायदेमंडळात आला. प्रसूतीभत्त्याच्या विधेयकावर १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात बोलताना डॉ. आंबेडकरांनी मातेची विश्रांती हे राष्ट्राचे हित मानले. भार मुख्यतः सरकारने उचलावा, पण मजुरीचा लाभ घेणारा मालकही त्यातून सुटू नये, ही त्यांची भूमिका होती. १९२९ च्या कायद्याने मुंबईत बाळंतपणाच्या आगेमागे काही आठवडे दिवसाला ८ आणे मिळू लागले. पैसे मालकाने द्यायचे होते. पुढील दशकांत गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण घटत गेले. त्याला रात्रपाळीवरील बंदी आणि यंत्रांची फेररचना हीही कारणे होती. पण बाईला कामावर ठेवणे महाग, हा हिशेब गिरणीमालकांनाही जमत होता.

कामकरी बायकांनी स्वतः शोधलेला मार्ग त्याच अहवालात आहे, फक्त तो दोन तक्त्यांत विभागला गेला आहे. ते ६०३ एकटे पुरुष आठवा. अशांपैकी अनेक जण खानावळीत जेवत. त्यांच्या तक्त्यातील अन्नखर्च हा दुसऱ्या कुणा बाईची मिळकत होता. दहा-बारा जणांचे डबे रांधणे म्हणजे पहाटेपासून चुलीपुढे बसणे आणि वाण्याची उधारी अंगावर घेणे. पण मूल डोळ्यांसमोर राही, अफूची गरज उरत नसे. ही मिळकत मात्र ‘घरकाम’ म्हणून नजरेआड झाली. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापले आणि खानावळवाल्यांना बँकेच्या कर्जाची वाट खुली केली, तेव्हा कुठे या धंद्याला धंदा म्हणून पत मिळाली. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा या बायकांना दुहेरी तडाखा बसला : नवऱ्याचा पगार थांबला आणि जेवणाऱ्यांचेही पैसे थांबले.

म्हणून जुने जमाखर्च वाचताना मी आता बेरीज शेवटी पाहते. आधी विचारते, घरात सर्वांत लहान कोण आहे, आणि दिवसा ते कुणापाशी असते. शिरास यांच्या तक्त्यांत या प्रश्नासाठी रकाना नव्हता. तो आपण आखून घ्यावा लागतो.