स्टेरॉइडपासून बायोलॉजिकपर्यंत : एका सुईचा इतिहास

त्र्यंबकेश्वरात पावसाळा म्हणजे धुकं, भाताची लावणी आणि सर्पदंश. पाड्यावरून माणूस उचलून आणला की सरकारी दवाखान्यात त्याला ‘सापाची लस’ देतात. खरं तर ती लस नव्हे. घोड्याला विषाचे अगदी लहान डोस देत गेलं की त्याच्या रक्तात विषाशी लढणारी प्रतिद्रव्यं तयार होतात. तीच काढून, शुद्ध करून बाटलीत भरलेली असतात. ‘बायोलॉजिक’ हा शब्द डॉक्टरांकडून पहिल्यांदा ऐकला की माणूस बिचकतो. पण त्याच घराण्यातलं हे एक औषध आपल्या खेड्यापाड्यांत कधीचं येऊन बसलं आहे.

या इतिहासाच्या मागे मी लागले त्याचं कारण माझंच दुखणं. मला सहा वर्षांपासून आमवात आहे. हकिमांच्या किताबांत याला ‘वजउल मफासिल’ म्हणतात. शाळेत फळ्यावर उर्दू उजवीकडून लिहिते, मराठी डावीकडून. सकाळच्या पहिल्या तासाला बोटं दोन्ही भाषांना सारखाच नकार देतात. प्रेडनिसोलोनच्या इवल्याशा गोळीने ती बोटं उघडली. त्याच गोळीने चेहरा गोल केला, साखर वाढवली आणि हाडं ठिसूळ होऊ लागली. आता नाशिकचे डॉक्टर म्हणतात, गोळी हळूहळू उतरवू आणि बायोलॉजिक सुरू करू. घरात सासूबाई विचारतात, “बेटा, गोळीने चाललंय ना, मग ही महागाची सुई कशाला?” प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायला थोडं मागे जावं लागतं.

1929 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच या डॉक्टरांनी एक विचित्र गोष्ट टिपली. आमवाताच्या एका रुग्णाला कावीळ झाली आणि त्याचे सांधे दुखायचे थांबले. पुढे गरोदर बायकांमध्येही त्यांना हाच फरक दिसला. म्हणजे शरीर स्वतःच असं काही तरी बनवत होतं जे ही सूज उतरवू शकत होतं. त्याच संस्थेतले एडवर्ड केंडल मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींतून निघणारी द्रव्यं वेगळी करत होते. स्वित्झर्लंडमध्ये ताडेयुश राइखश्टाइन हेच काम करत होते. 21 सप्टेंबर 1948 रोजी आमवाताने जखडलेल्या एका तरुण बाईला यातलं एक द्रव्य टोचलं गेलं. काही दिवसांत ती उठून चालू लागली. हेच कॉर्टिसोन. दोनच वर्षांनी, 1950 मध्ये, तिघांना नोबेल मिळालं.

सुरुवातीला हे औषध बैलाच्या पित्तापासून तीसहून अधिक पायऱ्यांनी बनवावं लागे. 1952 मध्ये अपजॉन कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्यातली सर्वांत अवघड पायरी एका बुरशीकडून करून घेतली, आणि औषध स्वस्त होत गेलं. 1955 मध्ये प्रेडनिसोन आणि प्रेडनिसोलोन बाजारात आली. आज कुठल्याही मेडिकलमध्ये मिळणारी गोळी ती हीच.

मग अडचण कुठे आली? गंगापूर धरणाखाली ज्यांची शेती आहे त्यांना हे पटकन कळेल. एका चारीला भगदाड पडून कुणाचं शेत बुडत असेल, तर धरणाचा मुख्य दरवाजाच बंद करता येतो. शेत वाचतं, पण बाकीची सगळी शिवारं कोरडी पडतात. स्टेरॉइड असं काम करतं. सूज थांबते, त्याचबरोबर जंतूंशी लढणं मंदावतं, हाडं झिजतात, साखर चढते, डोळ्यांत मोतीबिंदू लवकर येतो. शिवाय बाहेरून रोज स्टेरॉइड मिळालं की आपल्या ग्रंथी स्वतःचं काम सोडून देतात. 1952 मध्येच अशी नोंद झाली की कॉर्टिसोन घेणाऱ्या एका रुग्णाचं औषध शस्त्रक्रियेआधी थांबवलं आणि तो दगावला. त्याच्या ग्रंथी सुकून गेल्या होत्या. म्हणून ही गोळी एका दिवसात सोडायची नसते. आपल्याकडे सांधेदुखीच्या बिनानावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं निघतं, तेव्हा धोका दुहेरी असतो. आपण काय घेत होतो हेच माणसाला माहीत नसतं, मग ते हळूहळू सोडायचं कसं?

मधली वाट एका भारतीयाच्या कामातून निघाली. आंध्रच्या भीमावरममध्ये जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ले कंपनीत संशोधन करत. त्यांच्या चमूच्या कामातून आलेलं मेथोट्रेक्सेट आधी कर्करोगावर वापरलं गेलं. पुढे आठवड्यातून एकदा, अगदी कमी मात्रेत ते आमवातावर देऊ लागले. अमेरिकेत 1988 मध्ये त्याला मान्यता मिळाली. पुष्कळांचं त्यावर भागतं. ज्यांचं भागत नाही, त्यांच्यात मी आहे.

आता घोड्यांकडे परत येऊ. 1890 मध्ये बर्लिनमध्ये बेहरिंग आणि कितासातो यांनी दाखवलं की एका प्राण्याच्या रक्तातली प्रतिद्रव्यं दुसऱ्याला वाचवू शकतात. 1897 मध्ये, मुंबईत प्लेग थैमान घालत असताना, अलेक्झांद्र येर्सिन घोड्याच्या रक्तापासून केलेलं प्लेगचं सीरम घेऊन तिथे आले. त्याचा फारसा गुण आला नाही. त्याच शहरात हाफकिन यांची लस मात्र टिकली. पुढे परळच्या हाफकिन संस्थेत सर्पविषावरचं औषध बनू लागलं, आणि 1966 मध्ये पुण्यात, घोड्यांच्या पैदाशीत असलेल्या पूनावाला घराण्याने सीरम इन्स्टिट्यूट काढली. प्रतिद्रव्यांचं औषध महाराष्ट्राला नवं नाही.

पण घोड्याच्या सीरममध्ये नाना तऱ्हेची प्रतिद्रव्यं असतात आणि ती परकी असतात. शरीर त्यांच्यावरच उलटू शकतं. एकाच लक्ष्यावर बसणारं, एकाच साच्याचं प्रतिद्रव्य हवं तेवढं बनवायची युक्ती केंब्रिजमध्ये 1975 साली क्योलर आणि मिलस्टाइन यांनी शोधली. त्याच वर्षी अमेरिकेत ‘टीएनएफ’ या द्रव्याला नाव मिळालं. हे द्रव्य म्हणजे पेशींनी एकमेकींना धाडलेला सुजेचा निरोप. लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी यांनी दाखवलं की आमवाताच्या सांध्यात हा निरोप अडवला तर मागचे बरेच निरोपही थांबतात. 1992 मध्ये त्यांनी चेअरिंग क्रॉस रुग्णालयात 20 रुग्णांना टीएनएफ अडवणारं प्रतिद्रव्य दिलं. तेच इन्फ्लिक्सिमॅब. 1998 मध्ये अमेरिकेत ते आधी आतड्याच्या क्रोन्स आजारासाठी मंजूर झालं आणि पुढच्या वर्षी आमवातासाठी. मुख्य दरवाजा उघडा ठेवून नेमकी एक चारी बंद करणं इथून शक्य झालं.

मात्र त्या चारीचं पाणी आणखी कुणाला तरी जात होतं. क्षयाचे जंतू शरीरात झोपलेले असतात तेव्हा त्यांच्याभोवती पेशींची भिंत उभी असते, आणि ती भिंत टिकवायला टीएनएफ लागतो. 2001 मध्ये इन्फ्लिक्सिमॅब घेतलेल्या 70 जणांना क्षय झाल्याची नोंद प्रसिद्ध झाली. तेव्हापासून सुई सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि सुप्त क्षयाची तपासणी करतात. आपल्या देशात सुप्त क्षय एवढा पसरलेला आहे की ही पायरी गाळणं म्हणजे जिवाशी खेळ. तपासणीत काही निघालं तर आधी त्यावर औषध सुरू करतात, सुई नंतर.

राहिला पैसा. 2014 मध्ये अहमदाबादच्या झायडसने अडॅलिमुमॅबची प्रतिकृती बाजारात आणली, अमेरिकेतल्या किमतीच्या साधारण पाचव्या हिश्शात. तरीही शिक्षकाच्या पगाराला ती जडच आहे. मजुराच्या घरात तर विचारही होत नाही. तिथे पुडीच चालते. कॉर्टिसोन स्वस्त झालं म्हणून ते पाड्यापर्यंत पोहोचलं. बायोलॉजिकच्या इतिहासातलं ते पान अजून कोरं आहे.

सासूबाईंना मी एवढंच सांगितलं की गोळी वाईट नाही, तिनेच मला शाळेत टिकवलं. पण ती सगळ्या शरीराकडून किंमत वसूल करते. सुई नेमकं काम करते, मात्र तिचीही किंमत आहे आणि ती आधी तपासून घ्यावी लागते. माझी क्षयाची तपासणी झाली आहे, गोळीची मात्रा डॉक्टरांनी आखलेल्या पायऱ्यांनी उतरते आहे. सुई दोन ते आठ अंशांत ठेवायची असते आणि आमच्याकडे पावसात वीज जाते, म्हणून बर्फाचा डबाही घरात आणून ठेवला आहे. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग त्या पुडीवाल्याकडे जाणाऱ्या बायकांना हे कोण सांगणार?” त्यांच्यासाठी उर्दू आणि मराठीत एक साधं पान लिहायला घेतलं आहे.