पील आणि त्यांचे सोबती

सेमिनरीत ख्रिस्तसभेचा इतिहास शिकत असताना १८२९ हे साल आम्हांला पाठ करावे लागे. त्या साली ब्रिटनमधील कॅथलिकांना पार्लमेंटमध्ये बसण्याचा हक्क मिळाला आणि तो आयर्लंडचे पुढारी डॅनिअल ओकॉनेल यांनी मिळवून दिला, एवढे आम्ही उत्तरपत्रिकेत लिहीत असू. ते खोटे नव्हते. परंतु त्या कायद्याचा मसुदा कॉमन्स सभेत ज्यांनी मांडला, ते गृहस्थ कॅथलिकांचे कट्टर विरोधक म्हणून नावाजलेले होते, ही गोष्ट मला पुष्कळ वर्षांनी स्वतःच्या वाचनातून कळली. त्यांचे नाव सर रॉबर्ट पील. त्यांच्यामागे हुजूर पक्षात जो मवाळ गट उभा राहिला, त्याच्या सभासदांना इंग्रज इतिहासकार ‘पीलाइट’ म्हणतात. आपण त्यांना पीलपंथी म्हणू.

पील यांचा जन्म १७८८ चा. वडील लँकेशायरमधील कापडगिरणीचे धनी. सरदार-जमीनदारांच्या पक्षात हा गिरणीवाल्याचा मुलगा स्वतःच्या बुद्धीच्या बळावर वर चढला. १८१२ ते १८१८ पर्यंत ते आयर्लंडचे मुख्य सचिव होते. तेथील प्रॉटेस्टंट वर्चस्वाचा रंग नारिंगी. म्हणून ओकॉनेल यांनी त्यांना ‘ऑरेंज पील’, म्हणजे संत्र्याची साल, असे नाव ठेवले. दोघांचे वैर इतके विकोपाला गेले की १८१५ साली त्यांचे द्वंद्वयुद्ध ठरले होते. ओकॉनेल यांना वाटेतच अटक झाली म्हणून ते टळले. १८१७ साली कॅथलिकांच्या मागण्यांविरुद्ध केलेल्या एका भाषणामुळे पील यांना ऑक्सफर्ड विद्यापीठाची मानाची जागा मिळाली.

पार्लमेंटच्या सभासदाला त्या काळी जी शपथ घ्यावी लागे, तीत मिस्साबलिदान ही मूर्तिपूजा आहे असे जाहीर करावे लागे. कोणता कॅथलिक ती घेईल? १८२८ च्या उन्हाळ्यात क्लेअर परगण्यातून ओकॉनेल निवडून आले आणि सरकारपुढे पेच उभा राहिला. निवडलेल्या माणसाला दाराशी अडवावे तर आयर्लंडमध्ये यादवी पेटणार. पील त्या वेळी गृहमंत्री होते. पंतप्रधान वेलिंग्टन यांच्यासह त्यांनी मन वळवले आणि ज्याला आयुष्यभर विरोध केला तोच कायदा स्वतः मांडला. आधी त्यांनी ऑक्सफर्डच्या जागेचा राजीनामा दिला, मतदारांना पुन्हा कौल मागितला आणि ते हरले. वेस्टबरी नावाच्या एका लहानशा गावाची जागा मिळवून त्यांना सभागृहात परतावे लागले. १३ एप्रिल १८२९ रोजी कायद्यावर राजाची सही झाली.

येथे भाबडेपणा नको. पील यांना आपल्या धर्माविषयी प्रेम वाटू लागले होते, असे मुळीच नाही. शिवाय त्याच वेळी आयर्लंडच्या परगण्यांत मतदानासाठी लागणारी मिळकत चाळीस शिलिंगांवरून दहा पौंडांवर नेण्यात आली. ज्या गरीब कुळांनी ओकॉनेल यांना निवडले, त्यांचेच मत हिरावले गेले. एका हाताने दिले ते दुसऱ्या हाताने थोडे काढून घेतले, असा हा व्यवहार.

१८३४ साली टॅमवर्थच्या मतदारांना लिहिलेल्या जाहीरनाम्यात पील यांनी आपले धोरण मांडले: जुन्या संस्था राखायच्या, पण सिद्ध झालेले अन्याय दूर करायचे. १८४१ साली मोठ्या बहुमताने ते पंतप्रधान झाले. आणि मग आली मेनूथची कथा. मला स्वतःला या सगळ्या इतिहासात तीच अधिक जवळची वाटते. कारण उघड आहे. ती एका सेमिनरीची कथा आहे.

डब्लिनजवळच्या मेनूथ येथे १७९५ साली सरकारी मदतीने धर्मगुरूंसाठी सेमिनरी सुरू झाली. फ्रेंच राज्यक्रांतीमुळे युरोपातील सेमिनऱ्या बंद पडल्या होत्या आणि आयरिश तरुणांनी क्रांतीचे वारे लागून परत येण्यापेक्षा घरीच शिकावे, असा सरकारचा हिशेब होता. (याच मेनूथचे एक प्राध्यापक, पॅट्रिक कॅर्यू, पुढे मद्रास आणि नंतर कलकत्त्याचे बिशप झाले.) वार्षिक अनुदान सुमारे ९,००० पौंड. त्यात अर्ध्या शतकानंतर भागणार कसे? अध्यापकांचे वेतन तुटपुंजे, इमारतींची दुर्दशा. पील यांनी १८४५ साली हे अनुदान २६,००० पौंडांवर नेले, ते कायमचे केले आणि बांधकामासाठी ३०,००० पौंड वेगळे दिले.

इंग्लंडात गहजब झाला. विरोधाचे दहा हजारांच्या आसपास अर्ज पार्लमेंटकडे आले. त्यांवर दहा लाखांहून अधिक सह्या होत्या. हुजूर पक्षाचे सभासद जवळजवळ निम्मे-निम्मे फुटले आणि विधेयक तरले ते विरोधी व्हिग पक्षाच्या मतांवर. तरुण मंत्री विल्यम ग्लॅडस्टन यांची वागणूक तर अनेकांना कोड्यात टाकणारी ठरली. राज्याने फक्त अँग्लिकन धर्मसंस्थेलाच आधार द्यावा, असे त्यांनी १८३८ साली ग्रंथ लिहून प्रतिपादले होते. आता मत बदलले होते. परंतु खुर्चीसाठी बदलले असे कोणी म्हणू नये म्हणून त्यांनी आधी मंत्रिपद सोडले आणि मग अनुदानाच्या बाजूने मत दिले. लोक हसले. मला मात्र त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही.

त्याच वर्षीच्या शरद ऋतूत आयर्लंडमध्ये बटाट्यावर रोग पडला. गरिबांचे सारे अन्नच ते. पील यांनी गुपचूप अमेरिकेतून एक लाख पौंडांचा मका मागवला. पण परदेशी धान्यावर १८१५ पासून कर बसवणारे कायदे जमीनदारांचे उत्पन्न राखीत होते आणि जमीनदार म्हणजेच हुजूर पक्ष. ते कायदे रद्द करायचे पील यांनी ठरवले. १५ मे १८४६ रोजी ३२७ विरुद्ध २२९ मतांनी कॉमन्स सभेने रद्दीकरण संमत केले. पक्षाचा सुमारे एक तृतीयांश भाग तेवढा नेत्याबरोबर राहिला. बाकीच्यांच्या वतीने डिझरायली यांनी त्यांच्यावर विश्वासघाताचे आरोप केले. २५ जूनला उमरावांच्या सभेने कायदा संमत केला, त्याच रात्री आयर्लंडसाठी आणलेल्या दडपशाहीच्या विधेयकावर कॉमन्समध्ये सरकारचा पराभव झाला. पील गेले.

फूट घराघरांत शिरली. ड्यूक ऑफ न्यूकॅसल हे जुन्या वळणाचे. त्यांचा मुलगा लॉर्ड लिंकन पील यांचा पाठीराखा. १८४६ च्या पोटनिवडणुकीत बापाने मुलाविरुद्ध आपले सारे वजन खर्चून त्याला पाडले. ग्लॅडस्टन यांची नेवार्कची जागाही ड्यूकच्याच मर्जीतली, तीही गेली. आणि एवढे करून आयर्लंड वाचले का? नाही. कर एकदम उठला नाही, तीन वर्षांत उतरायचा होता. आणि ज्याच्या खिशात पैसाच नाही, त्याला स्वस्त गहू तरी काय कामाचा? पील यांच्यानंतर आलेल्या व्हिग सरकारच्या काळात दुष्काळ वाढत गेला. सुमारे दहा लाख माणसे मेली, तितकीच देशोधडीला लागली.

२ जुलै १८५० रोजी, घोड्यावरून पडून झालेल्या दुखापतीने पील वारले. गट मात्र राहिला आणि लगेच त्याची परीक्षा झाली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला पोप पायस नववे यांनी इंग्लंडमध्ये कॅथलिक धर्मप्रांतांची पुनःस्थापना केली आणि कार्डिनल वाइझमन वेस्टमिन्स्टरचे आर्चबिशप झाले. देशभर ‘पोपचे आक्रमण’ म्हणून ओरड उठली. उदारमतवादी म्हणवणारे पंतप्रधान रसेल यांनीच, कॅथलिक बिशपांनी देशातील कोणत्याही स्थळाची पदवी धारण केल्यास १०० पौंड दंड, असा कायदा आणला. दुसऱ्या वाचनाला ४३८ मते बाजूने पडली, ९५ विरुद्ध. त्या ९५ मध्ये आयरिश सभासदांच्या शेजारी ग्लॅडस्टन आणि जेम्स ग्रॅहॅम होते; उमराव सभेत लॉर्ड अॅबर्डीन विरोधात बोलले. यांत कॅथलिक कोणीही नव्हते.

१८५२ च्या डिसेंबरात अॅबर्डीन पंतप्रधान झाले. पीलपंथी सभासद तेव्हा चाळीसच्या आसपास, तरी मंत्रिमंडळातील तेरांपैकी सहा जागा त्यांच्या. क्रिमियाच्या युद्धातील गलथानपणाने ते सरकार १८५५ साली कोसळले. १८५९ साली उरलेसुरले पीलपंथी उदारमतवादी पक्षात विलीन झाले. ज्या घरासाठी भांडले, त्या घरात त्यांना परत जागा मिळाली नाही.

आपल्याकडच्या वाचकाला यांतील दोन नावे ठाऊक आहेत. ग्लॅडस्टन यांनी मेनूथपायी सोडलेले व्यापार खात्याचे मंत्रिपद ज्यांना मिळाले, ते म्हणजे लॉर्ड डलहौसी. १८४८ साली दत्तक वारस अमान्य करून साताऱ्याचे राज्य खालसा करणारा डलहौसी तो हाच. दुसरे लॉर्ड कॅनिंग. तेही पील यांच्याच तालमीतले. १८५७ मध्ये सूडाच्या मागणीला त्यांनी आवर घातला, म्हणून त्यांचेच देशबांधव त्यांना ‘दयाळू कॅनिंग’ असे चिडवीत. एकाच गटातून हे दोघे आले. मायदेशातली मवाळी बोटीत चढताना कोणी बरोबर घेतली, कोणी बंदरावरच ठेवली.

पदव्यांचा तो कायदा वीस वर्षे पुस्तकात पडून राहिला. त्याखाली एकाही बिशपांवर खटला झाला नाही. १८७१ साली तो रद्द झाला, तेव्हा पंतप्रधान होते ग्लॅडस्टन. त्याच ग्लॅडस्टन यांनी तीन वर्षांनी पहिल्या व्हॅटिकन परिषदेवर टीका करणारी पुस्तिका लिहिली, कॅथलिकांच्या राजनिष्ठेवर शंका घेतली आणि तिला उत्तर द्यायला वृद्ध न्यूमन यांना लेखणी उचलावी लागली.