कप, कबर्ड आणि कपाट

शासकीय सेवेच्या प्रारंभीच्या काळात एकदा कार्यालयीन सामानाची यादी वरिष्ठांपुढे वाचताना मी ‘कपबोर्ड’ असा स्वच्छ उच्चार केला. ‘कबर्ड म्हणा,’ असे त्यांनी चारचौघांत सुनावले. उच्चार सुधारला, पण लिहिलेला ‘प’ जातो कुठे, हा प्रश्न मनात राहून गेला.

इंग्रजीत हा शब्द १४व्या शतकापासून आढळतो. ‘बोर्ड’ म्हणजे मुळात फळी आणि त्यावरून मेज. पेले मांडून ठेवण्याचे उघडे मेज, तो कपबोर्ड. आपल्या परिचयाच्या ‘बोर्डिंग’मध्येही जेवणाचे हेच मेज दडलेले आहे. १६व्या शतकात या नावाला दारे असलेल्या बंदिस्त फडताळाचा अर्थ आला. दोन शब्द एकजीव झाले, आघात पहिल्या पदावर स्थिरावला, ‘प’ पुढच्या ‘ब’मध्ये विरघळला आणि ‘बोर्ड’चे ‘बर्ड’ झाले. उच्चाराप्रमाणे लिहिलेली रूपेही जुन्या इंग्रजी लेखनात सापडतात. टिकले मात्र शब्दाचे कूळ सांगणारे लेखन.

बडोद्यात आमचे गुजराती शेजारी कपाटाला ‘कबाट’ म्हणतात. कपबोर्ड, कबर्ड, कबाट, कपाट ही साखळी कानाला इतकी सहज वाटते की, आपले कपाट साहेबाकडून आले असे मी कित्येक वर्षे समजत होतो आणि इतरांना सांगतही होतो. ती माझी चूक होती. संस्कृतात ‘कपाट’ म्हणजे दाराची फळी. अमरकोशात तो शब्द ‘अरर’ या पर्यायासह आला आहे. बद्रीनाथाचे कपाट उघडतात, ते याच अर्थाने. प्राकृतात ‘प’चा ‘व’ आणि ‘ट’चा ‘ड’ होऊन मराठीत ‘कवाड’ आले. मूळ ‘कपाट’ही मराठीत राहिले; मात्र दाराचे नाव दारे लावलेल्या वस्तूकडे गेले. इंग्रजी शब्द मेजावरून निघाला, आपला दारावरून. दोघे एकाच वस्तूपाशी येऊन भेटले, इतकेच.

सयाजीराव महाराजांच्या राज्यात १९३१ साली ‘श्री सयाजी शासन शब्दकल्पतरु’ हा राज्यकारभाराच्या शब्दांचा कोश आठ भाषा शेजारी मांडून सिद्ध झाला. त्या बडोद्यात आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला शब्दांचा शेजार आणि शब्दांचे नाते यांतील भेद निवृत्तीनंतर उमगावा, याची थोडी खंत वाटते. वरिष्ठांचा राग मात्र आता उरलेला नाही. त्यांच्या एका दुरुस्तीने माझ्यासाठी एक कवाड उघडले.